हरकत घेणारा भाडेकरू

आमच्या वरच्या खोलीत एक माणूस काही वर्षं भाड्याने राहत होता. तो मला आवडायचा नाही. माणूस वाईट नव्हता. दारू नाही, आरडाओरडा नाही, जिन्यात चपलासुद्धा नीट लावलेल्या. तरी आवडायचा नाही. का ते सांगणारच आहे, पण आधी तो कसा होता ते सांगते. नाहीतर लोक म्हणतील, म्हातारीने उगाच परक्या माणसाला नावं ठेवली.

पन्नाशीचा होता. लग्न केलं नव्हतं. मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून दिली होती आणि दिवसभर खोलीत असायचा. घर माझं, म्हणून मी पहिल्याच दिवशी विचारलं, "काय करता हो तुम्ही?"

"प्रोग्रॅम लिहितो काकू. फुकट."

"फुकट म्हणजे?"

"कोणीही घ्यावा, वापरावा, बदलावा."

"मग जेवता काय?"

"आपल्या वारज्यात घरोघरी इंटरनेट देणारे केबलवाले आहेत ना, ते तोच प्रोग्रॅम वापरतात. अडलं की मला बोलावतात. त्याचे घेतो."

"म्हणजे माल फुकट आणि दुरुस्तीला पैसे."

"बरोबर," तो म्हणाला, "मला हे इतक्या थोडक्यात कधी सांगता आलं नाही." टोमणा कळत नाही म्हणजे माणूस पुण्याचा नसणार. तो साताऱ्याकडचा निघाला.

मी चौथी शिकलेली बाई. त्याने मला समजावलं ते असं. कात्रजला एक माणूस उभा आहे आणि त्याला वारज्याला यायचं आहे. तो पानवाल्याला विचारतो. पानवाला म्हणतो, मला वारजं माहीत नाही, पण त्या रिक्षावाल्याला माहीत आहे. रिक्षावाला पुढच्याचं नाव सांगतो. इंटरनेटवर फोटो जातात, निरोप जातात, ते असेच एका यंत्राने दुसऱ्या यंत्राला विचारत विचारत जातात. एखादा रस्ता बंद पडला तर यंत्रांनी ते एकमेकांना कळवायचं आणि दुसरा रस्ता धरायचा. यंत्रांची ही जी आपसातली विचारपूस, तिचा प्रोग्रॅम तो लिहायचा. एकटा नाही. जर्मनीतला एक, जपानातला एक, ब्राझीलची एक बाई, असे बरेच होते. बहुतेकांनी एकमेकांना पाहिलेलं नव्हतं. वर साहेब नाही. ज्याला जे खुपेल ते त्याने नीट करायचं.

आणि त्यांच्यात एक पद्धत होती. आपलं काम आपण पास करायचं नाही. लिहिलेलं सगळ्यांपुढे ठेवायचं. दुसऱ्याने ते वाचायचं आणि हरकत घ्यायची, तीही सगळ्यांच्या देखत, लिहून. हरकत मिटली की दुसऱ्याने म्हणायचं, मान्य. मग ते काम प्रोग्रॅमात जायचं, आणि त्याच्याखाली करणाऱ्याचं नाव लागायचं, तपासणाऱ्याचं लागायचं, चूक दाखवणाऱ्याचंही लागायचं.

ही पद्धत कामापुरती असती तर माझं काही म्हणणं नव्हतं. पण त्याच्या अंगातच ती भिनली होती. दुपारचा डबा त्याला मी द्यायचे. रिकामा डबा परत करताना तो दारात उभा राहायचा आणि सांगायचा, "वांगं मान्य. मोहरी थोडी जळली होती. हरकत नाही असं म्हणणार होतो, पण आहे."

"तुम्हाला विचारलं कोणी?"

"कोणी विचारत नाही, म्हणून तर सांगावं लागतं."

मी फाटकावर पाटी लावली होती, 'येथे गाडी लावल्यास चाकातली हवा सोडण्यात येईल.' दुसऱ्या दिवशी तिच्याखाली पेन्सिलने लिहिलेलं, 'कोण सोडणार ते नमूद नाही. काकांचे गुडघे दुखतात. – वरच्या मजल्यावरचा भाडेकरू.' सही करायला लाज नाही. उलट तो म्हणाला, निनावी हरकत घेणं त्यांच्यात कमीपणाचं समजतात.

स्वतःचंही तेच. "झालं का काम?" विचारलं तर म्हणायचा, "मला वाटतं झालं, पण मला वाटून काय उपयोग?" मग आठवडाभर वाट बघायचा. चहाला खाली आला आणि खुशीत दिसला की समजावं, ब्राझीलच्या बाईने त्याच्या कामात खोट काढली. कोणी काही बोललं नाही की तोंड उतरायचं. "वाचलंच नाही वाटतं कोणी," म्हणायचा. माझ्या सगळ्या आयुष्यात चुका काढल्यावर खूश होणारा एवढा एकच माणूस मी पाहिला, आणि तोही भाड्याने आलेला.

माझ्या काळ्या मसाल्याचं त्याने काय केलं तेही सांगते. त्याने मसाला कसा करता विचारलं, मी धने, खोबरं, दगडफूल, सगळं सांगून मोकळी झाले. मला काय माहीत. बुद्धपौर्णिमेला विहारात जेवण होतं. तिथे स्वयंपाकघराच्या भिंतीवर कागद चिकटवलेला, त्यावर माझा मसाला मापासकट, आणि वर माझं नाव. समोरच्या घरातल्या बाईने तो वाचला, घरी जाऊन केला, तीळ वाढवले आणि मिरची बदलली. तिचा चांगला झाला. खोटं कशाला बोलू, माझ्यापेक्षा चांगला झाला. पुढे गल्लीत सगळ्या तिचं नाव घेऊन मसाला करायला लागल्या. मी वर जाऊन त्याला विचारलं, "माझा मसाला वाटायला तुम्ही कोण?"

"वाटला नसता तर तीळ कोणी वाढवले असते?" तो म्हणाला, आणि विहारात जाऊन त्या कागदावर माझ्या नावाआधी 'मूळ' असं लिहून, नाव ठळक करून, खाली समोरच्या बाईचंही लावून आला. त्याला वाटलं, मी नावासाठी रागावले. मी मसाल्यासाठी रागावले होते.

पण मसाल्याचा राग चार महिन्यांत गेला. नवऱ्याचा गेला नाही.

माझा नवरा टेलिफोन खात्यात लाइनमन होता. रस्त्यातल्या खड्ड्यात उतरून केबली जोडायचा. घरी आला की बोलायचा नाही. भांडण वगैरे काही नव्हतं, नुसतं बोलायचा नाही. 'मीठ', 'पंखा', 'येतो', एवढ्यावर आमचा संसार झाला. मुलगी मोठी होऊन नाशिकला सासरी गेली, तिच्या लग्नातही तो 'या' आणि 'जेवून जा' यापलीकडे गेला नाही. मी समजले, काही माणसांना बोलणं देतच नाहीत. काहींना केस नसतात तसं. तक्रार करण्यात अर्थ नव्हता.

रिटायर झाल्यावर एक दिवस तो भाडेकरूची लाइट बघायला वर गेला आणि दुपार संपली तरी खाली आला नाही. मी जिन्यापाशी गेले तर वरून हसण्याचा आवाज. मला वाटलं, भाडेकरूकडे कोणीतरी पाहुणा आलाय. चांगलं मोठं, पोटातून येणारं हसू. जिन्याच्या वळणावर गेल्यावर कळलं, ते माझ्या नवऱ्याचं होतं. मी ते कधी ऐकलंच नव्हतं, तर ओळखणार कसं?

झालं होतं ते असं. भाडेकरूने खोलीत एका फळीवर जुनी यंत्रं मांडली होती आणि ती निळ्या वायरींनी एकमेकांना जोडली होती. रस्ता तुटला तर प्रोग्रॅम दुसरा रस्ता शोधतो का, हे त्याला बघायचं असायचं. पण वायर त्याने स्वतः काढून चालत नव्हतं. "मी काढली की हात बरोबर सोप्या वायरीकडे जातो," त्याने मला नंतर सांगितलं, "मोडायला परका हात लागतो." म्हणून तो माझ्या नवऱ्याला म्हणाला, काका, मी तोंड फिरवतो, तुम्ही वाटेल ती वायर ओढा. ज्याने जन्मभर वायरी जोडल्या त्याला कोणीतरी तोडायला सांगत होतं. नवऱ्याने विचार करून अशी वायर ओढली की सगळी यंत्रं एकमेकांना खोटे पत्ते देत बसली. प्रोग्रॅमची चूक सापडली. भाडेकरूने टाळ्या वाजवल्या आणि नवरा हसला.

त्यानंतर रोज. जेवला की वर. आणि नुसत्या वायरी ओढत नव्हता, बोलत होता. आमचं छत पातळ आहे. शब्द कळायचे नाहीत, पण सूर कळायचा. हा सांगतोय, तो 'मग?' म्हणतोय, हा परत सांगतोय. मी खाली पोळ्या लाटत तो सूर ऐकायचे. एखाद्या बाईकडे जात असता तर चार लोकांत सांगता तरी आलं असतं. नवरा भाडेकरूशी गप्पा मारतो, हे कोणाला सांगणार? लोक म्हणाले असते, बरंय की.

मी चहा घेऊन वर जायचे. चहा हे निमित्त. मी दारात दिसले की नवऱ्याचं तोंड बंद. दुपारी एक वाजता लक्ष्मी रोडला शटर पडतं तसं. भाडेकरू म्हणायचा, "बसा ना काकू." नवरा काही म्हणायचा नाही. मी कप ठेवून खाली यायचे.

एकदा दुपारी वर गेले तर दोघं कॉम्प्युटरपुढे बसलेले आणि पडद्यावर चौकटीचौकटींत परदेशी माणसं. नवरा मराठीत सांगत होता, भाडेकरू इंग्रजीत करून सांगत होता, आणि ती माणसं ऐकत होती. ब्राझीलची बाई हनुवटीखाली हात घेऊन ऐकत होती. गोरी नव्हती, आपल्यासारखीच सावळी, केस कुरळे. शेवटी सगळे हसले आणि म्हणाले, "काका, काका." मी पोचेपर्यंत गोष्ट संपली होती.

संध्याकाळी मी विचारलं, "काय सांगितलंत हो त्यांना?"

"काही नाही," नवरा म्हणाला.

म्हणजे माझ्या नवऱ्याची गोष्ट ब्राझीलमध्ये माहीत होती, जपानमध्ये माहीत होती, आणि वारज्यात स्वयंपाकघरात माहीत नव्हती. वर त्याचं नावही जगभर गेलेलं. प्रोग्रॅमच्या कामाखाली 'तपासलं' म्हणून त्याचं नाव लागायचं. भाडेकरू मला ते दाखवायचा, बोट ठेवून. पोराचे मार्क आईला दाखवावेत तसा.

दुसऱ्या दिवशी मी वर गेले आणि म्हटलं, "खोली रिकामी करा."

त्याने वाद घातला नाही. खुर्ची पुढे केली. "करतो. कारण काय लिहू?"

"कशावर लिहिणार?"

"कशावर असं नाही. आमच्यात बदल करायचा तर कारण द्यावं लागतं. एका ओळीचं चालतं. पण खरं हवं. पटलं तर मी आजच करतो."

मी कारण शोधत उभी राहिले. भाडं वेळेवर. पाणी कमी वापरायचा. गच्चीवर कपडे नीट वाळत घालायचा. एकच खरं कारण होतं, आणि ते त्याच्यासमोर म्हणायचं म्हणजे मी काहीतरी मागतेय असं दिसलं असतं. मी आजवर कोणाकडे काही मागितलेलं नाही. मी म्हटलं, "राहू दे," आणि खाली आले. तो जिन्यावरून म्हणाला, "काकू, कारण सापडलं की सांगा. मी थांबतो." हा त्याचा चांगुलपणा. असल्या चांगुलपणाने माणूस जास्त जळतं.

त्या वर्षी दिवाळीनंतर नवऱ्याला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. दवाखान्यातून घरी आणला. डॉक्टर म्हणाले, समजतं त्यांना सगळं, बोलणं परत येईल की नाही सांगता येत नाही. ते आलेलं नाही. अजूनही नाही.

भाडेकरू बघायला खाली आला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या नव्हतं, मला त्या दिवसांत कामं होती. तो जायला निघाला तेव्हा एक गोष्ट माझ्या लक्षात आली. माझा नवरा आयुष्यात जे काही बोलला, ते सगळं या माणसापाशी होतं. माझ्यापाशी 'मीठ' आणि 'पंखा'. आता नव्याने काही मिळणार नव्हतं.

मी त्याला जिन्यात गाठलं. "ते वर जे काही बोलले, ते मला सांगा."

"सगळं?"

"सगळं."

तो म्हणाला, "सांगेन. पण त्यांच्या पाठीमागे नाही. बोलणं त्यांचं आहे, ते मी कसं पास करू? त्यांच्यासमोर सांगतो. चुकलो तर त्यांनी हरकत घ्यायची."

मला त्या क्षणी त्याला जिन्यावरून ढकलावंसं वाटलं. माझ्याच नवऱ्याचं बोलणं ऐकायला मला हा अटी घालत होता. पण माल त्याच्याकडे होता. मी हो म्हटलं.

मग रोज दुपारी तो स्टूल घेऊन खाली यायला लागला. नवरा खुर्चीत, मी पलंगाच्या कडेला. ठरलं असं की नवऱ्याने डावा हात उचलला तर हरकत. नाही उचलला तर मान्य. भाडेकरूने सुरुवात केली.

मला वाटलं होतं, काहीतरी मोठं असेल. तसं काही नव्हतं. खड्ड्यात बसून कुठली तार कोणाची हे बघायला नवरा कानाला टेलिफोन लावायचा, तेव्हा लोकांचं बोलणं ऐकू यायचं. कात्रजचा एक दुकानदार आणि त्याची माहेरी गेलेली बायको. तो म्हणायचा परत ये, ती म्हणायची आधी तुमच्या आईला विचारा मी कुठे बसायचं. ती लाइन सारखी बिघडायची, त्यामुळे नवऱ्याने ते भांडण पावसाळाभर ऐकलं. कधी कधी लाइन दुरुस्त झाली तरी तो खड्ड्यातून वर यायचा नाही.

"आली का ती परत?" मी विचारलं.

"आली. वेगळं घर घेतल्यावर," भाडेकरू म्हणाला, आणि नवऱ्याकडे पाहिलं. हात खालीच होता.

इतकी चांगली गोष्ट. त्या पावसाळ्यात तो रोज ओला घरी यायचा, मी टॉवेल द्यायचे, आणि ही गोष्ट त्याच्या तोंडात असायची. मी रोज विचारलं असतं, आज काय म्हणाली ती. मला असल्या गोष्टींची किती आवड आहे हे गल्लीतलं कुत्रंही सांगेल.

मी भाडेकरूला विचारलं, "मला का नाही सांगितलं कधी?"

त्याने नवऱ्याकडे पाहिलं. परवानगी मागितली. नवरा खाली बघत होता, हात मांडीवर. "काका म्हणाले होते," भाडेकरू म्हणाला, "खाली काही सांगितलं की ती लगेच चूक काढते."

हात वर गेला नाही.

"तुम्ही दुसरं काय करता?" मी म्हटलं. "सकाळी उठल्यापासून चुकाच काढता ना? माझ्या डब्याच्या, माझ्या पाटीच्या, ब्राझीलच्या बाईच्या. मी तेच केलं तर गुन्हा, आणि तुम्ही केलं तर यांना गप्पा सुचतात?"

कोणतीही हरकत तो उडवून लावायचा नाही, हे मान्य करते. म्हणाला, "बरोबर आहे काकू. फरक काय ते मला सांगता येत नाही." त्याने माझी हरकत मान्य केली. पण नवरा बघत होता त्याच्याकडेच.

असे बरेच दिवस गेले. गोष्टी संपत आल्या. भाडेकरूलाही गावी जायचं होतं, त्याच्या आईकडे बघायला कोणी नव्हतं. शेवटच्या आठवड्यात तो म्हणाला, "आता काकूंची गोष्ट." लग्नानंतर आम्ही पहिल्यांदा पुण्यात आलो त्या दिवसाची. एस.टी. स्वारगेटला थांबली. नवरा मला ट्रंकेपाशी उभी करून पुढची बस विचारायला गेला. परत आला तर मी दिसेना. "काकांनी अख्खा स्टँड पालथा घातला," भाडेकरू सांगत होता. "शेवटी उसाच्या गुऱ्हाळापाशी काकू सापडल्या. वाट चुकल्या होत्या. ट्रंकेवर बसून रडत होत्या. काकांनी त्यांना रस पाजला."

मी नवऱ्याकडे पाहिलं. हात खाली. डोळे दुसरीकडे.

"हरकत," मी म्हटलं.

भाडेकरू थांबला.

"मी वाट चुकले नाही. मी ट्रंकेवर होते आणि ट्रंक जिथे ठेवली तिथेच होती. ती गुऱ्हाळापाशीच ठेवली होती. हे चुकले होते. हे भलत्याच दाराने बाहेर गेले आणि भलत्याच दाराने आत आले. मी यांना तीनदा समोरून जाताना पाहिलं. हाक मारायची तर नवऱ्याचं नाव कसं घ्यायचं, म्हणून गप्प बसले. आणि रडत कोण होतं ते यांनाच विचारा. रस मी पाजला. माझ्या रुमालातल्या पैशांचा."

मग खुर्चीतून एक आवाज आला. मला वाटलं ठसका लागला, मी उठणार होते. ठसका नव्हता. नवऱ्याचं अर्धं तोंड हलत होतं, पोट हलत होतं, डावा हात मांडीवर आपटत होता. वरच्या मजल्यावर यायचं तेच हसू, अर्धं. तो माझ्याकडे बघून हसत होता. मी बसले होते तिकडे, पलंगाच्या कडेकडे.

भाडेकरू गेला. वर आता नागपूरकडचं जोडपं राहतं, ती दोघं दार लावून घेतात. तो रविवारी फोन करतो, नवऱ्याच्या कानाला फोन लावायला सांगतो आणि ब्राझीलच्या बाईने काय हरकत घेतली ते त्याला ऐकवतो. मग माझ्याशी बोलतो, आणि दर वेळी आमचा तोच वाद होतो. मी म्हणते, ते माझ्या हरकतीवर हसले. तो म्हणतो, काका स्वतःचीच चूक पकडली गेली म्हणून हसले, आणि ती चूक त्याच्या तोंडून सांगितली गेली होती, म्हणून थोडे त्याच्यावरही. मागच्या रविवारी म्हणाला, "काकू, मिटवून टाकू. त्या हसण्याखाली दोघांचं नाव लावू. आमच्यात तशी पद्धत आहे."

मी म्हटलं, "तुमच्यात असेल."